लाल टोपीचे दगड आणि तेहतीस मणी

मंगळवार, २ मार्च

हनिया, ही वही कुणाची आहे, आठवतंय का? नाही ना? तुझीच आहे. मागच्या ईदला माहेरी आलीस आणि जाताना ही वही, चष्मा, एका पायातली चप्पल आणि धाकट्याचं स्वेटर इथेच टाकून गेलीस. धाकट्याला तेवढं आठवणीनं नेलंस, हे माझं नशीब. पहिल्या पानावर तुझ्या हातची यादी आहे म्हणे. जिरं, साबण, आणि तिसरं काय ते लिहायचं राहिलंय.

आता या वहीत मी बोलते आणि बतूल लिहिते. बतूल म्हणजे तुझी वहिनी, हम्मूची बायको. हम्मू म्हणजे तुझा भाऊ. सांगून ठेवलेलं बरं.

काल हम्मूला रस्त्यावर पोलिसांनी धरलं. आपल्या अझरूहून मेकनेसला जाताना अल-हाजेबच्या उतारावर वेग मोजायचं तीन पायांचं यंत्र मांडून दोघं बसले होते. एक पोरगेलासा, मिशी नुकती फुटलेली. त्यानं विचारलं, "वेग किती होता?" हम्मू म्हणाला, "चाळीस." कारण समोरचा काटा चाळीसवर होता. पोलीस म्हणाला, "यंत्र म्हणतंय, एक्क्याण्णव. इथे साठची मर्यादा आहे." हम्मू म्हणाला, "साहेब, काट्यावर तर चाळीस आहे, या, बघा." पोलीस वाकून आत बघायला गेला, तेव्हा गाडी उभी होती, इंजिन बंद होतं आणि काटा चाळीसवरच होता.

तुझ्या भावाला देवानं सगळं दिलं, नेमकं केव्हा गप्प बसावं ते दिलं नाही.

दंड झाला. त्याचं मला काही नाही. पण पोलिसानं कागदावर शिक्का मारून सांगितलं, पुन्हा एकदा सापडलास तर परवाना सहा महिने आमच्याकडे. सहा महिने, हनिया! पस्तीस वर्षं त्या जुन्या जर्मन टॅक्सीवर हे घर चाललंय. सहा महिने हा माणूस घरात बसला तर आधी बतूल वेडी होईल, मग मी, मग कोंबड्या.

"असं लिहू का?" बतूल विचारतेय.

असंच लिही.

गुरुवार, ४ मार्च

हम्मूशी भांडले. म्हटलं, काटा दुरुस्त कर. तर म्हणाला, "आई, बाबांनी पंधरा वर्षं याच काट्यावर गाडी चालवली."

काट्यावर नाही चालवली, काट्याशिवाय चालवली. तुझ्या बाबांचं म्हणणं होतं की काटा मेला म्हणून गाडी थोडीच मेली. त्या गाडीत तीन काटे आहेत आणि तिघांची तीन तऱ्हा. वेगाचा काटा गाडी दारात उभी असली तरी चाळीसवर. तेलाचा काटा कायम भरलेला, जेवायला बोलावलं की 'पोट भरलंय' म्हणणाऱ्या पाहुण्यासारखा. मग तीनदा ताट वाढून घेतो. तेल खरं किती आहे ते बघायला हम्मू टाकीत ऑलिव्हची काडी बुडवतो. आणि इंजिनाच्या तापाचा काटा तर जागचा हललेलाच नाही. त्याचं बरं आहे.

मेकॅनिक म्हणतो, वेगाच्या काट्याची केबल तुटली आहे, एवढंच. मेकनेसला जुन्या गाड्यांच्या भंगारात मिळेल. पण हम्मू म्हणतो, "मेकनेसला मी भंगार शोधत बसू की गिऱ्हाईक? माझे कान आहेत ना. इंजिनाच्या आवाजावरून मला वेग कळतो."

"मग सोमवारी कान कुठे गेले होते?" बतूल म्हणाली.

तो जेवणावरून उठला. उठला तरी जाताना भाकरीचा तुकडा घेऊन गेला, तेवढा शहाणा आहे.

मी रात्रभर विचार केला आणि फजरच्या नमाजानंतर माळ हातात असताना मला सुचलं. अल्लाची कृपा. माझ्या तस्बीत तेहतीस मणी झाले की एक मोठा मणी येतो, तो बोटाला कळतो. आणि आपल्या रस्त्यावर दर किलोमीटरला लाल टोपीचा पांढरा दगड आहे. एका दगडापासून दुसऱ्या दगडापर्यंत किती मणी होतात ते बघायचं. मला आकडे वाचता येत नाहीत, पण दगड दिसतो आणि मणी कळतो. आणखी काय पाहिजे?

हम्मू हसला. हसू दे.

शनिवार, ६ मार्च

आज परीक्षा घेतली. औषधवाले झरहूनी यांची गाडी नवी कोरी आहे, तिचा काटा खरा. त्यांना म्हटलं, "बाबा, आमच्या पुढे साठच्या वेगानं चाला, आम्ही मागून येतो." ते म्हणाले, "कशासाठी, यामनाबाई?" मी म्हटलं, "जप करायचाय." ते मोठे सज्जन. दुसरं काही विचारलं नाही. पण बुफक्रानच्या सपाट रस्त्यावर त्यांची गाडी पुढे, आमची मागे, मी पुढच्या सीटवर डोळे मिटून 'सुभानअल्ला, सुभानअल्ला', आणि दगड आला की हम्मूनं ओरडायचं, "आला!", हे सगळं रस्त्यावरचे लोक थांबून बघत होते.

काय सांगू हनिया! दगड आला आणि त्याच क्षणी माझ्या अंगठ्याखाली मोठा मणी. पाच दगड, पाचही वेळा. दगड आणि मणी एकदम आले म्हणजे साठ. दगड आधी आला म्हणजे जास्त. मणी आधी आला म्हणजे हम्मू झोपलाय.

हम्मू आता हसत नाही. म्हणाला, "आई, तू तर जर्मनीत नोकरी करायला हवी होतीस."

मी म्हटलं, "आता बोलावलं तरी जाणार नाही. सोमवारपासून मी तुझ्या शेजारी बसणार."

मंगळवार, ९ मार्च

आज इथला बाजाराचा दिवस, मेकनेसला कुणी जात नाही, म्हणून गाडी काढली नाही. म्हणजे लिहायला वेळ.

कालचा पहिला दिवस. पुढे दोघं बसतात, त्यात एक मी आणि खिडकीशी अंडेवाली फदमा, मांडीवर दोनशे अंड्यांची टोपली. मागे चौघं. फदमा म्हणाली, "यामना, तू कुठे निघालीस?"

"कुठेच नाही. मी काटा आहे."

तिनं मागे वळून सगळ्यांना सांगितलं, "म्हातारीला ताप आलाय."

सपाटीवर सगळं नीट झालं. एकदाच दगड आधी आला, मी हम्मूच्या मांडीवर चापट मारली, त्यानं वेग कमी केला. मग इत्तोचं वळण आलं, जिथून खाली सगळं पठार दिसतं. हनिया, मी सत्तर वर्षांची झाले आणि ते पठार मी नीट बघितलेलं नाही. इतकी वर्षं मागच्या सीटवर मधे बसून कुणाच्या तरी खांद्यावरून बघितलं. पुढून बघितलं तर ते हिरवंगार आहे. पण मी बघायला नाही गेले, कामाला गेले, हे लक्षात असू दे.

मग अल-हाजेबचा उतार. एका बाजूला डोंगर, एका बाजूला काहीच नाही. समोरून ट्रक. मी मनातल्या मनात म्हटलं, अल्ला, हा मुलगा तुझ्या हवाली. आणि माळ ओढत राहिले. दगड आला, अंगठ्याखाली मोठा मणी! दुसरा दगड, मोठा मणी! मी हम्मूला सांगितलं, "बरोबर साठ. चालू दे." फदमा मात्र डोळे मिटून बसली होती. भित्री आहे.

मेकनेसला पोचल्यावर मी गाडीतून उतरले, बाजारात एक कप चहा घेतला आणि परत बसले. छान शहर आहे.

(बतूल लिहितेय. आई हात धुवायला गेल्यात. हम्मू पोचल्यावर रोज मला फोन करतो. काल आठला निघाले आणि आठ बावन्नला फोन आला. अझरू ते मेकनेस सदुसष्ट किलोमीटर. साठच्या वेगानं निदान सदुसष्ट मिनिटं लागायला हवीत. मी पाचवीपर्यंत शिकलेय, मला एवढा हिशोब येतो. आईंना सांगायचं धाडस होत नाही.)

शुक्रवार, १२ मार्च

आज जुम्मा. कुसकुसला सात भाज्या हव्यात, बतूलनं सहाच घातल्या. विचारलं तर म्हणाली, सातवी विरघळली.

गाडीत मी आता दुसरंही काम बघते. इंजिनाचा ताप. खालचा पत्रा माझ्या पायाखाली तापतो. पाय कोमट लागले तर बरं, चटका बसला तर थांबायचं. सोमवारी, बुधवारी माझ्या पायांनी अचूक सांगितलं. काल मात्र इत्तोच्या चढावर पुढच्या झाकणातून वाफ निघाली. इतकी वाफ की मागचा एक माणूस 'आग, आग' म्हणत पळाला आणि मग वीस पावलांवर थांबून आमची मजा बघत बसला. अर्धा तास गाडी उभी. फदमा टोपली डोक्यावर घेऊन उभी राहिली, म्हणाली, "काटा, काय झालं गं? तुला कळलं नाही?"

कळलं नाही. पाय गार होते. अगदी गार. मला कारण सापडलं ते रात्री. तू पाठवलेले लोकरीचे मोजे, हनिया. काल थंडी होती म्हणून घातले. दोन जोड, एकावर एक. तू पाठवलेली वस्तू आणि चूक होणार नाही असं होईल का?

मोजे फार ऊबदार आहेत. पण गाडीत घालणार नाही.

बुधवार, १७ मार्च

आज फदमाची एकतीस अंडी फुटली.

अल-हाजेबच्या उतारावर तिसऱ्या वळणाला गाडी अशी वळली की टोपली माझ्या मांडीवर आली आणि मी फदमाच्या. मागचे चौघं एका बाजूला. सगळ्यांनी एकदम अल्लाचं नाव घेतलं. फदमा ओरडली, "हा मुलगा आपल्याला मारणार!" मी म्हटलं, "गप्प बस, साठ आहे." खरंच साठ होतं. दगडाला मणी बरोबर आला होता. मी हे शपथेवर सांगते.

"मग अंडी का फुटली?"

"तुझ्या कोंबड्यांना चुना कमी पडतो."

गाडीत कुणी हसलं नाही. मेकनेस येईपर्यंत माझ्या कपड्यांना पिवळा बलक. हम्मूनं तिला अंड्यांची भरपाई दिली, ती घेताना फदमा म्हणाली, "हम्मू, मी तुझ्या बाबांबरोबर पण बसले आहे. ते असे नव्हते चालवत. तू कुणाच्या भरवशावर चालवतोस?"

तो म्हणाला, "आईच्या."

मला बरं वाटलं. पण फदमानं ज्या नजरेनं माझ्याकडे बघितलं ती नजर मला आवडली नाही.

(बतूल. आज फोन आठ पन्नासला. आईंच्या वहीतच लिहिलंय: ज्या ज्या दिवशी उतारावर घाबरून अल्लाचा धावा केला, त्या त्या दिवशी गाडी लवकर पोचली. आणि मणी 'बरोबर' आले. मी दुपारी त्यांना मांजर अंगावर सोडून घाबरवलं, माफ करा. मांजर दिसताच त्यांची माळ अशी पळाली की तेहतीस मणी मी तीस मोजेपर्यंत संपले. आई घाबरल्या की जप दुप्पट वेगानं करतात. म्हणजे त्या घाबरल्या की गाडी त्यांना हळू वाटते. हे कुणाला सांगू?)

गुरुवार, १८ मार्च

बतूलनं आज मला सांगितलं की माझा काटा खोटा आहे.

अशा शब्दांत नाही. फार गोड बोलली. "आई, उतारावर तुम्ही जरा जोरात जप करता का?" मी म्हटलं, जप जोरात करायचा की हळू, हे मला आता पाचवी पास सून शिकवणार? पन्नास वर्षं मी माळ ओढतेय. माझ्या माळेत वेग कमीजास्त होत नाही. ती म्हणाली, "मांजर..." मी म्हटलं, "मांजराचं नाव काढू नकोस, काल दुपारपासून त्याला काय झालंय देव जाणे."

हम्मूला विचारलं. तो म्हणाला, "आई, तू खरी." पण तो माझ्याकडे न बघता म्हणाला.

ही वही आता बंद. बतूल, पेन ठेव.

बुधवार, २४ मार्च

पेन उघड. आजचं लिहिलंच पाहिजे.

सहा दिवस मी गाडीत बसले आणि घरात बोलले नाही. आज सकाळी निघताना बतूल शाल घेऊन आली आणि म्हणाली, "मीही येते, मेकनेसला डोळ्यांच्या डॉक्टरकडे." तिचे डोळे मला तर चांगले दिसतात, माझ्या कपातली एक माशी तिला अंगणातून दिसते. पण मी काही बोलले नाही, कारण मी बोलत नव्हते.

ती मागे बसली, माझ्या मागेच. फदमा आज नव्हती. कोंबड्या रुसल्या असतील.

अल-हाजेबला पोचलो. उतार सुरू व्हायच्या आधी बतूलनं मागून हात पुढे काढला. त्यात ती पांढरी चिकट मिठाई, बदामाची, जी मेकनेसला काठीला गुंडाळून विकतात. म्हणाली, "आई, माफी मागते. खा." माझं तोंड उघडंच होतं, मी तिला काहीतरी सुनावणार होते, आणि तिनं मोठा तुकडा आत सारला.

हनिया, तू ती मिठाई खाल्ली आहेस. खाल्ली आहेस हे विसरली असशील. ती दातांना चिकटते आणि मग टाळूला चिकटते आणि मग दात टाळूला चिकटतात. 'सुभा-' म्हणायला गेले, तोंड उघडेना. 'सु-ब-हा-न-अ-ल-ला' असं एकेक अक्षर ओढून काढायला लागले. जप काही थांबवता येत नाही. गाडी उतारावर. जपाला पळायचं होतं, आणि तोंड त्याला पळू देईना.

दगड आला. अंगठ्याखाली कुठला मणी? सतरावा की अठरावा, मोठ्या मण्याचा पत्ताच नाही.

तू माझी लेक आहेस म्हणून तुला सांगते. त्या क्षणी मला कळलं, इतके दिवस उतारावर माझी माळही गाडीबरोबर पळत होती, आणि मला ते कळू नये असं वाटलं.

"हम्मू, हळू!" म्हणायचं होतं. तोंडातून नुसतं 'ह्म्म्म' निघालं. त्याला वाटलं मी 'हम्मू' म्हणतेय. म्हणाला, "काय आई?" मी त्याचा कान धरला. पन्नाशीला आलेल्या माणसाचा कान, पाच उतारूंसमोर, त्यात त्याची बायको, आणि असा पिळला की तो ओरडला आणि ब्रेकवर उभा राहिला. गाडी किंचाळली, डगमगली, मग सावकाश झाली.

वळण आलं. वळणापलीकडे सगळा रस्ता मेंढ्यांनी भरलेला. शे-दीडशे मेंढ्या आणि त्यांच्या मधोमध धनगराची नात, सातआठ वर्षांची, एक कोकरू छातीशी धरून. तोच मिशी फुटलेला पोलीस हात पसरून गाड्या थांबवत होता. आमची गाडी आली, सावकाश, आणि एका मेंढीच्या नाकापुढे थांबली. मेंढीनं आमच्याकडे बघितलं. मी मेंढीकडे.

मागे कुणाची तरी माळ खुळखुळत होती. नंतर कळलं, त्या बतूलच्या बांगड्या वाजत होत्या.

पोलिसानं यंत्रात बघितलं. मग खिडकीशी आला. "अठ्ठावन्न," म्हणाला. "शाबास. काटा दुरुस्त केलास वाटतं?"

हम्मू कान चोळत म्हणाला, "नाही साहेब. आई आहे."

पोलिसानं मला सलाम केला. मी तोंड मिटून मान डोलावली. दुसरं काही करणं शक्यच नव्हतं.

हम्मूनं मेकनेसला उतारू सोडले आणि आम्हाला थेट जुन्या गाड्यांच्या भंगारात घेऊन गेला. दोन तास हिंडला. केबल घेऊन आला तेव्हा त्याचे हात कोपरापर्यंत काळे होते आणि डोळे लाल. मी विचारलं नाही. म्हटलं, धूळ असेल.

डोळ्यांच्या डॉक्टरकडे बतूल गेलीच नाही. तेही मी विचारलं नाही.

शनिवार, २७ मार्च

काटा चालतो. गाडी उभी असली की शून्यावर झोपतो, चालली की उठतो. नव्या नवरीसारखा सगळं सांगेल तसं करतो. हम्मू अझरूच्या चौकात सगळ्या टॅक्सीवाल्यांना बोलावून दाखवत होता. कुणी म्हणालं, "सगळं आयुष्य तू बिनकाट्याचा काढलास, आता काय नखरे?" तो म्हणाला, "मेंढ्यांना विचार."

मी घरी. काल, आज. कुसकुस, कोंबड्या, खिडकी. खिडकीतून शेजाऱ्याची भिंत दिसते. चांगली भिंत आहे.

बतूल म्हणाली, "आई, आता तुम्हाला दगदग नाही."

हो. नाही.

बुधवार, ३१ मार्च

आज फदमा घरी आली. अंड्यांची टोपली घेऊन, त्यातली सहा मला. बसली, चहा घेतला, तीन वेळा घेतला, आणि म्हणाली, "यामना, तुझा मुलगा पुन्हा तसाच चालवतो."

"काटा आहे ना आता."

"काटा आहे. बघतो कोण? वीस वर्षं त्यानं तिथे बघितलंच नाही, त्याची मान तिकडे वळतच नाही. परवा काटा केवढा वर गेला होता, मला वाचता येत नाही, पण केवढा वर! मी म्हटलं, 'हम्मू, काटा बघ.' तो म्हणाला, 'हो हो, आता दुरुस्त आहे.'"

बतूल हसली. मग हसायची थांबली.

मी म्हटलं, "वाचता मलाही येत नाही."

बतूल उठली, आत गेली आणि एक लहान बाटली घेऊन आली. नखांना लावायचा लाल रंग. ती बाटली या घरात कुठून आली ते मी आज विचारलं नाही, उद्या विचारीन. संध्याकाळी हम्मू आला तेव्हा तिनं गाडीत बसून काट्याच्या काचेवर, साठच्या जागी, एक लाल टिपका दिला. म्हणाली, "आई, काटा या टिपक्याच्या पुढे गेला की..."

"की काय?"

"की कान."

हम्मू कान झाकून उभा राहिला. फदमा इतकी हसली की तिनं आणलेल्या सहातली दोन अंडी तिच्याच गुडघ्यानं फुटली. तिच्या कोंबड्यांना चुना कमीच पडतो.

शनिवार, ३ एप्रिल

कालपासून मी पुन्हा पुढच्या सीटवर. आता डोळे उघडे ठेवून. काटा टिपक्याच्या खाली असला की इत्तोचं पठार बघते. मोहरीची पिवळी फुलं आलीत. मेकनेसला चहा घेतला, दोन कप.

माळ सोडलेली नाही. दगडाला मणी येतो का बघते, म्हणजे काट्यावरही लक्ष राहतं. एकदा त्यानं तुझ्या बाबांना फसवलंय, त्याच्यावर इतक्यात भरवसा नको. उतारावर तोंडात काहीतरी चिकट लागतं, हे मात्र खरं. त्याशिवाय माळ नीट चालत नाही. ते दातांमुळे. बतूल म्हणते भीतीमुळे. दातांमुळे.

आणि बतूल, आता तुझ्यासाठी. मी गप्प असते तेव्हाही तुझं पेन चालतं, ते मला ऐकू येतं. नऊ तारखेला बराच वेळ चाललं. सतरा तारखेला तर मी हात धुऊन, नमाज पढून, मांजर शोधून आले तरी चालूच होतं. तू काय लिहिलंस ते मला माहीत नाही. हनियाला वाचू दे. खरं लिहिलं असशील तर राहू दे, आणि खोटं असेल तर तेही राहू दे, नाहीतरी हनिया विसरेल.

(बतूल. मी खरंच लिहिलंय, हनिया. आई माझ्याकडे बघून हसताहेत. मला रडू येतंय, म्हणून अक्षर असं.)

पुरे. हनिया, उद्या तुमच्या वझ्झानला जाणाऱ्या गाडीबरोबर ही वही तुझ्याकडे येईल. आता काय पाठवायचं ते नीट ऐक आणि कुठेतरी लिहून ठेव, आणि ते कुठे लिहिलंस ते पण लिहून ठेव. मेकनेसची मिठाई माझे उरलेले दात काढेल. तुमच्याकडची सुकी अंजिरं पाठव, दोरीत ओवून माळ करून विकतात ती. मऊ नको, मऊ अंजीर अल-हाजेब यायच्या आधीच संपतं. जाड, चिवट, चघळायला वेळ लागणारी. तेहतीस असू देत, आणि एक मोठं वेगळं, शेवटी गाठ मारून, फदमासाठी.